सांस्कृतिक मंडळांतील स्त्रिया : निर्मितीपासून मान्यतेपर्यंत

(सांस्कृतिक मंडळे व महिला मंडळे यांच्या अभ्यासवर्गांसाठी)

उज्जैनच्या जुन्या शहरातून रेल्वेवरील पूल ओलांडून आले की फ्रीगंज लागते. टॉवर चौकाच्या अवतीभवती पसरलेल्या या वस्तीत आणि एकूणच उज्जैनमध्ये मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. शिंदे घराण्याच्या अमदानीत आलेल्या या कुटुंबांनी गणेशोत्सव, भजन, नाटक, व्याख्यान आणि वाचनालय ही आपली सांस्कृतिक शिदोरी सोबत आणली आणि माळव्याच्या मातीत ती रुजविली. अशा उत्सवांचे आणि मंडळांचे काम जवळून पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. मंडपातील रांगोळी, आरास, समूहगीत, मुलांच्या नाटुकल्या, नैवेद्य यांमागे स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने असतात. मात्र व्यासपीठावरील खुर्च्या, परीक्षकांची नावे, स्मरणिकेचे संपादन आणि मंडळाची पदे यांकडे वळले म्हणजे ही संख्या झपाट्याने रोडावते.

ही स्थिती एका शहराची किंवा एका भाषेची नाही. साहित्य, संगीत, नाट्य, चित्रकला अशा कोणत्याही क्षेत्रात निर्मिती करणाऱ्यांची मंडळी एकत्र आली की स्त्री आणि पुरुष यांच्या वाट्याला येणाऱ्या यशात अंतर पडते, असा अनुभव आहे. या अंतराची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की स्त्रियांना सवड कमी मिळते, त्यामुळे त्यांची निर्मितीच कमी असते. दुसरे असे की पुरुष त्यांना जाणूनबुजून मागे ठेवतात. दोन्हींत तथ्याचा अंश आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. कारण जेथे निर्मिती भरपूर आहे आणि कोणाचाही हेतू वाईट नाही, तेथेही हे अंतर कायम राहिलेले दिसते.

म्हणून प्रस्तुत लेखात निराळ्या दिशेने विचार केला आहे. कलाकृती हातावेगळी होणे आणि तिला मान्यता मिळणे यांच्या दरम्यान काही पायऱ्या असतात. कृतीला कर्त्याचे नाव लागावे लागते. कर्त्याला जाणकारांच्या संगतीत प्रवेश मिळावा लागतो. कृतीचे परीक्षण व्हावे लागते. शेवटी कोणाला मान द्यावयाचा, याचा निर्णय कोणत्या तरी नियमाने करावा लागतो. स्त्रिया मागे पडतात त्या बहुधा या पायऱ्यांवर. पायऱ्या माणसांनी घातलेल्या असल्याने त्या बदलताही येतात. उज्जैन व माळवा आणि नंतर एकूण मराठी साहित्यव्यवहार यांतील काही उदाहरणांवरून हे पाहू.

नावाची पायरी : सांझा आणि माच

भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यात कुमारिका सांझा मांडतात. भिंतीवर गाईच्या शेणाने रोज नवी आकृती घडवायची, फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवायची, संध्याकाळी आरती करून गाणी म्हणायची, असा हा सोळा दिवसांचा क्रम असतो. चंद्र, सूर्य, स्वस्तिक अशा आकृतींपासून आरंभ होऊन अखेरीस किलाकोट नावाची मोठी रचना सिद्ध होते. पंधरवडा संपला की सांझा पाण्यात विसर्जित केली जाते. महाराष्ट्रातील भुलाबाई व भोंडला यांच्याशी तिचे नाते सहज ओळखू यावे असे आहे. दिवाळीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडू आणि गेरूने काढावयाचे मांडणे ही स्त्रियांचीच कला होय. अवकाशाची जाण, रेषेवरील हुकमत आणि स्मरणशक्ती या तिन्हींची कसोटी लागावी, असे हे काम असते. मात्र कोणत्या सालातील कोणता किलाकोट कोणी मांडला, याची नोंद कोठेही ठेवली जात नाही. अलीकडे बाजारात छापील कागदी सांझा मिळू लागल्याने हाताची ही कसबही मागे पडत चालली आहे.

याच उज्जैनने माच हे लोकनाट्य घडविले. उंच मंचावर, ढोलकाच्या साथीने चालणारे हे गायनप्रधान नाट्य परंपरेने पुरुषांचे होते; स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. माचाच्या इतिहासात गुरू गोपाळजी, बालमुकुंद गुरू, कालूराम उस्ताद अशी नावे आजही आदराने घेतली जातात. त्यांचे आखाडे, त्यांचे खेळ आणि त्यांची शिष्यपरंपरा सांगता येते.

सांझा आणि माच या दोन्ही लोककला एकाच शहराच्या आहेत. दोहोंनाही राजाश्रयापेक्षा लोकाश्रय अधिक लाभला. परंतु माचाला गुरू होता, आखाडा होता आणि वही होती. सांझेला यांपैकी काहीच नव्हते. एका कलेचे कर्ते इतिहासात राहिले आणि दुसरीच्या कर्त्या विसर्जनाबरोबर वाहून गेल्या, याचे कारण गुणवत्तेत शोधून सापडणार नाही. ते नोंदीत सापडते. उज्जैनमध्ये स्त्रीचे नाव टिकलेच नाही असे मात्र नाही. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविलेल्या गोपाळ मंदिराबरोबर त्यांचे नाव आजही घेतले जाते. सत्ता आणि संपत्ती ज्या स्त्रीच्या हाती होती तिचे नाव टिकले. केवळ कला ज्यांच्या हाती होती त्यांचे टिकले नाही.

ही पायरी कशी सुधारता येते, याचा एक उत्तम दाखला महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसमवेत खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या असून एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक गायिकांचा त्यात वाटा आहे. या कामाचे मोठे वैशिष्ट्य असे की ओवीबरोबर ती गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गावही नोंदविले गेले. जी रचना एरवी ‘पारंपरिक’ या एका शब्दात जमा झाली असती, तिला त्यामुळे माणसाचा चेहरा मिळाला.

संगतीची पायरी : सप्तकांचा हिशेब

विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत उज्जैनमध्ये, विशेषतः माधव महाविद्यालयाच्या परिसरात, साहित्याचे सतेज वातावरण होते. गजानन माधव मुक्तिबोध येथे शिकले आणि पुढे काही वर्षे येथे अध्यापक होते. प्रभाकर माचवे माधव महाविद्यालयात प्राध्यापक होते. दोघांचीही मातृभाषा मराठी. दोघांनीही हिंदी साहित्यात मोठे नाव मिळविले. १९४३ मध्ये अज्ञेय यांच्या संपादनाखाली ‘तारसप्तक’ हा सात कवींचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि आधुनिक हिंदी कवितेला नवे वळण लागले. त्या सातांत मुक्तिबोध आणि माचवे हे दोघेही होते. हे सातही कवी पुरुष होते.

पुढे अशी आणखी तीन सप्तके निघाली : १९५१, १९५९ आणि १९७९ मध्ये. माधव महाविद्यालयाचे विद्यार्थी नरेश मेहता हे दुसऱ्या सप्तकात होते. चार सप्तकांचे मिळून अठ्ठावीस कवी झाले. त्यांत स्त्रिया तीन : शकुंत माथुर, कीर्ती चौधरी आणि सुमन राजे. दुसऱ्या सप्तकापासून प्रत्येकात एक, असे हे प्रमाण आहे.

यामागे कोणाचा कट होता असे म्हणता येणार नाही. परंतु असे संग्रह कसे जन्माला येतात, याकडे लक्ष दिले पाहिजे. ते मैत्रीतून, पत्रव्यवहारातून, एकमेकांच्या खोलीवर रात्री उशिरापर्यंत चाललेल्या वाचनातून आणि चहाच्या दुकानातील वादांतून आकार घेतात. ही संगत म्हणजे नवोदिताची खरी शाळा. तेथेच त्याची कविता तपासली जाते आणि तेथूनच त्याचे नाव संपादकापर्यंत पोहोचते. १९४० च्या सुमारास उज्जैनमधील एखाद्या तरुणीला या संगतीत जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते. ती कविता लिहीत असली तरी ती ऐकणार कोण, हा प्रश्न होता.

म्हणूनच ज्या स्त्रिया पुढे आल्या त्यांच्यापैकी अनेकींच्या बाबतीत घर हीच वाट ठरलेली दिसते. शकुंत माथुर या पहिल्या सप्तकातील कवी गिरिजाकुमार माथुर यांच्या पत्नी. कीर्ती चौधरी या कवयित्री सुमित्राकुमारी सिन्हा यांच्या कन्या. मराठीतही खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांच्या मौखिक रचना त्यांचे कवी असलेले चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे जतन झाल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. तोपर्यंत बहिणाबाई हयात नव्हत्या. या सर्वांच्या प्रतिभेला यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. विचार करावयाचा तो दुसऱ्यांचा. जिच्या घरात कवी पती, लेखिका माता किंवा जाणता मुलगा नव्हता, तिच्या रचनेचे काय झाले असेल? हा प्रश्न प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

श्रेयाची पायरी : साथ आणि साथीदार

संगीतात ‘साथ’ हा शब्द मोठ्या मानाचा असला तरी श्रेयाच्या वाटपात तो अडचणीचा ठरतो. उज्जैनहून जवळच असलेल्या देवास येथे कुमार गंधर्व यांनी आयुष्याचा मोठा काळ व्यतीत केला. त्यांच्या पत्नी वसुंधरा कोमकली या स्वतः तयारीच्या गायिका. कुमारजींच्या मैफलीत तंबोऱ्यावर व स्वरसाथीला त्या असत आणि ऋतुगीते, लोकगीते यांच्या विशेष कार्यक्रमांत त्यांचा वाटा होता. कुमारजींना १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. वसुंधराताईंना २००६ मध्ये पद्मश्री आणि २००९ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी पंचाहत्तरीच्या आसपासचा टप्पा गाठला होता आणि कुमारजींचे निधन होऊन चौदा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

दोघांच्या कार्याची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. कुमारजींची प्रतिभा एकमेवाद्वितीय होती. मात्र मुख्य कलाकाराच्या शेजारी बसून जी स्त्री आयुष्यभर गाते, तिचे स्वतंत्र गाणे श्रोत्यांना वेगळे ऐकू येण्यास फार काळ जावा लागतो, एवढे या सालांवरून दिसते. नाटकमंडळींत वेशभूषा सांभाळणारी, मासिकात पतीच्या बरोबरीने मुद्रिते तपासणारी, उत्सवात संहिता बसवून घेणारी, अशा अनेकींना हे लागू पडते. त्यांचा उल्लेख बहुधा ‘सौ.’ या उपाधीने आभारप्रदर्शनात होतो. श्रेयनामावलीत होत नाही.

परीक्षणाची पायरी : नाव झाकल्यावर

परीक्षकासमोर कर्त्याचे नाव नसेल तर काय होते? मराठी चित्रपटसृष्टीत याचे एक नामांकित उदाहरण आहे. इंदूर येथे १९२९ मध्ये जन्मलेल्या लता मंगेशकर यांनी भालजी पेंढारकर यांच्या चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ हे ते चित्रपट. त्यांपैकी ‘साधी माणसं’ या १९६५ च्या चित्रपटास उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्या समारंभात आनंदघन म्हणजे लताबाईच, हे सर्वांसमोर उघड झाले. गायिका म्हणून त्यांची कीर्ती तेव्हा देशभर होती, तेव्हा हे काही उपेक्षेचे उदाहरण नव्हे. पण संगीत दिग्दर्शन हे क्षेत्र जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचे असताना, नावाच्या आधाराशिवाय एका स्त्रीची रचना सर्वोत्कृष्ट ठरली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

टोपणनावाचा दुसरा अनुभव इतका सुखाचा नव्हता. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मोठे वादळ उठले. सुशिक्षित अविवाहित स्त्रियांच्या मनातील घुसमट त्यात मांडलेली होती. ती कितपत खरी, यापेक्षा लेखिका कोण, याचीच चर्चा अधिक झाली. बाळुताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, या त्या लेखिका होत. परीक्षक कृतीकडून कर्त्रीकडे वळला म्हणजे साहित्याचे परीक्षण थांबते आणि चारित्र्याचे सुरू होते, हा धडा त्या प्रकरणाने घालून दिला.

परदेशातील एक उदाहरणही येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांनी वादकांची निवड करताना उमेदवार पडद्याआड बसवून केवळ वादन ऐकण्याची पद्धत क्रमाक्रमाने स्वीकारली. तेथील पाच प्रमुख वाद्यवृंदांत १९७० मध्ये स्त्रीवादकांचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते शेकडा पंचवीसच्या घरात गेले. या वाढीचे किती श्रेय पडद्याला आणि किती इतर सामाजिक बदलांना द्यावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.  आपल्या निबंध, काव्य वा पाककृती स्पर्धांत नावाऐवजी क्रमांक देण्यास एक चिठ्ठी आणि एक पाकीट पुरते.

निर्णयाची पायरी : अध्यक्षपदाचा हिशेब

अखेरची पायरी मानाच्या पदाची. मराठी साहित्य संमेलनाच्या परंपरेस १८७८ मध्ये पुणे येथे न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली प्रारंभ झाला. पहिल्या स्त्री अध्यक्षासाठी मराठी समाजाला १९६१ पर्यंत, म्हणजे त्र्याऐंशी वर्षे, थांबावे लागले. त्या अध्यक्ष म्हणजे समीक्षक आणि कथालेखिका कुसुमावती देशपांडे. त्यांचे पती कवी अनिल यांनी हे पद तीन वर्षे आधी, १९५८ च्या मालवण संमेलनात भूषविले होते. त्यानंतर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे दुर्गा भागवत, १९९६ मध्ये आळंदी येथे शांता शेळके, २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष, २०१९ मध्ये यवतमाळ येथे अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्ली येथे तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. दिल्लीच्या संमेलनापर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत या सहाच.

माळव्यातील वाचकांना यातील एक गोष्ट विशेष वाटेल. १९६१ चे संमेलन ग्वाल्हेर येथे आणि २००१ चे इंदूर येथे भरले होते. म्हणजे या सहांपैकी दोघींनी अध्यक्षपद भूषविले ते आजच्या मध्य प्रदेशात. यावरून फार मोठा निष्कर्ष काढणे उचित नव्हे. संमेलनाचे स्थळ अध्यक्ष ठरवीत नसते. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना अभिमानाने सांगता यावी, अशी ही नोंद आहे.

याहून महत्त्वाची आहे ती निवडीची पद्धत. अनेक वर्षे अध्यक्षाची निवड घटक संस्थांच्या मर्यादित मतदारांकडून निवडणुकीने होत असे. उमेदवाराने अर्ज भरावा, मतदारांच्या भेटीगाठी घ्याव्या, पत्रे पाठवावी, गटांची बेरीज जुळवावी, असे त्या पद्धतीचे स्वरूप झाले होते. लेखनाची योग्यता असूनही अशा धावपळीला नकार देणारे साहित्यिक, स्त्रिया तसेच पुरुषही, त्यामुळे बाजूला राहत. २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने नियम बदलून निवडणुकीऐवजी विचारविनिमयाने सन्मानपूर्वक निवड करण्याचे ठरविले. या नव्या पद्धतीने निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष म्हणजे अरुणा ढेरे. निवडणूक बंद होण्यापूर्वीच्या एक्याण्णव संमेलनांत स्त्री अध्यक्ष चार होत्या. त्यानंतरच्या सात संमेलनांत दोन झाल्या. सात हा आकडा लहान आहे आणि या काळात समाजही पुष्कळ बदलला आहे. तरीही नियम बदलताच पहिल्याच वर्षी निकाल बदलला, या घटनेकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

निवडीसाठी पुस्तक समोर ठेवले जाते तेव्हा काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार १९६८ मध्ये इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला, १९७१ मध्ये दुर्गा भागवत यांच्या ‘पैस’ला आणि १९७२ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाला मिळाला. पाच वर्षांत तीन स्त्रिया! त्याच सुमारास, १९६१ ते १९७५ या चौदा वर्षांच्या अंतरात, संमेलनाच्या अध्यक्षपदी एकही स्त्री आली नाही. लेखिका तेव्हाही होत्या आणि त्यांचे ग्रंथ उत्तम होते. मात्र हा नियमही सर्वत्र लागू पडत नाही. ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले चारही मराठी साहित्यिक, खांडेकर, शिरवाडकर, करंदीकर आणि नेमाडे, पुरुष आहेत. तेव्हा एखादी पद्धत निर्दोष मानून स्वस्थ बसणे योग्य नाही. दर काही वर्षांनी हिशेब तपासावा लागतो.

सहा अध्यक्षांकडे पाहताना आणखी एक गोष्ट नजरेत भरते. दुर्गा भागवत, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर या तिघीही लोकसंस्कृतीच्या अभ्यासक. ओव्या, कहाण्या, व्रते, लोकदैवते यांचा त्यांनी आयुष्यभर शोध घेतला. ज्या अनामिक स्त्रियांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत, त्यांच्या रचनांचा अभ्यास करूनच या तिघी सर्वोच्च मानापर्यंत पोहोचल्या. सांझा आणि मांडण्याची कला हा दुय्यम घरगुती विषय आहे, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

नवी साधने, जुन्या सवयी

आज हातातील भ्रमणध्वनीवरून कोणीही कविता, चित्र किंवा गाणे जगापुढे ठेवू शकते. संपादकाचा उंबरा नाही, रात्रीच्या बैठकीची अट नाही. गृहिणी दुपारच्या निवांत वेळी लिहू शकते. ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. परंतु दार उघडे असले म्हणजे सर्वजण आत येतातच असे नाही. विकिपीडिया या सर्वांना खुल्या असलेल्या ज्ञानकोशाच्या लेखकांची २०११ मध्ये पाहणी करण्यात आली, तेव्हा दर शंभरांत स्त्रिया दहांहूनही कमी आढळल्या. तेथे कोणाला नाव सांगण्याची सक्ती नव्हती आणि प्रवेशाची अटही नव्हती. वेळेची टंचाई, वादविवादाचा कठोर सूर आणि ‘हे आपले काम नव्हे’ ही मनातली अढी या गोष्टी नव्या साधनाबरोबर आपोआप नाहीशा होत नाहीत. म्हणून पायऱ्यांचा विचार नव्या माध्यमातही करावाच लागतो.

मंडळांनी काय करावे

वरील विवेचनातून कार्यकर्त्यांना काही साध्या गोष्टी हाती घेता येतील. त्यांस फारसा खर्च नाही.

१. नोंदवही ठेवावी. रांगोळी, सांझा, मांडणे, आरास, समूहगीताची चाल, बालनाट्याची संहिता यांच्या कर्त्यांची संपूर्ण नावे लिहावी. ‘महिला मंडळाच्या सौजन्याने’ असा मोघम उल्लेख टाळावा. पुसली जाणारी कलाकृती पुसण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे व मागे नाव आणि दिनांक लिहावा.

२. घरोघरी असलेल्या गाण्यांच्या, आरत्यांच्या आणि भोंडल्याच्या वह्या पाहाव्या. वृद्ध स्त्रियांकडून गाणी ध्वनिमुद्रित करून घ्यावी व गाणाऱ्या स्त्रीचे नाव, माहेर आणि सासर यांची नोंद करावी. हे काम आज केले नाही तर पुढच्या पिढीला करता येणार नाही.

३. स्पर्धांतील लेखी प्रवेशिकांना क्रमांक द्यावे. परीक्षकांना नावे कळवू नयेत. परीक्षक मंडळात स्त्रियांचा समावेश असावा आणि तो केवळ रांगोळी व पाककृतीपुरता नसावा.

४. साहित्यचर्चेच्या बैठकीची वेळ आणि जागा स्त्रियांनाही सोयीची असावी. रात्री नऊनंतरची बैठक कोणाला बंदी करीत नाही, परंतु कोण येणार हे तीच ठरवून टाकते.

५. कार्यकारिणीतील पदे ठराविक मुदतीने बदलावी. विनंती झाल्याखेरीज स्त्रिया पुढे येत नाहीत अशी तक्रार असते; तेव्हा विनंती करावी, आणि ती आभाराच्या भाषणासाठी न करता अध्यक्षपदासाठी करावी.

अभ्यासवर्गासाठी

पुढील उपक्रम एका बैठकीत पुरा होण्याजोगा आहे. आपल्या मंडळाच्या गेल्या दहा वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका व स्मरणिका एकत्र कराव्या. एका कागदावर चार रकाने आखावे : रचना कोणाची, सादरीकरण कोणाचे, परीक्षण कोणी केले, निर्णय कोणी घेतला. प्रत्येक रकान्यात स्त्रिया व पुरुष यांची संख्या लिहावी. पहिल्या रकान्यापासून चौथ्यापर्यंत जाताना ही संख्या कोठे एकदम घटते, ते पाहावे. तीच आपल्या मंडळाची अडलेली पायरी होय. त्यानंतर पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

(अ) ज्यांचे नावच नोंदलेले नाही, अशी किती कामे आढळली? त्यांपैकी किती व्यक्तींची नावे आज सांगता येतील?

(आ) पुढे आलेल्या स्त्रियांपैकी कितीजणी पदाधिकाऱ्यांच्या नात्यातील आहेत? बाहेरच्यांना प्रवेशाची कोणती वाट आहे?

(इ) कोणता एक नियम बदलल्यास पुढील वर्षीची पत्रिका वेगळी दिसेल?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत भाषेची जपणूक मुख्यतः घरात होते आणि तिचा भार बव्हंशी स्त्रियांवर असतो. लेकरांना मराठी गाणी, कहाण्या आणि म्हणी त्याच शिकवितात. त्यांच्या निर्मितीची नोंद न ठेवणारे मंडळ आपल्याच भाषेचे भांडवल गमावीत असते. फ्रीगंजमधील, उज्जैनमधील आणि माळव्यातील मंडळांनी येत्या पितृपंधरवड्यापासून, सांझेच्या पहिल्या आकृतीपासूनच, ही नोंद सुरू करण्यास हरकत नाही.